दत्तकाचे दप्तर : परदेशी जाणाऱ्या बाळाची कागदपत्रे

व्यापारी जैन घराण्यांना दत्तकविधान नवे नाही. पेढी पुढे चालावी, घराचे नाव राहावे, निपुत्रिक विधवेला आधार मिळावा, यासाठी भावकीतील किंवा गोतावळ्यातील मूल दत्तक घेण्याची चाल महाराष्ट्र, गुजरात आणि राजस्थानातील जैनांमध्ये पिढ्यानपिढ्या होती. तिचे एक वैशिष्ट्य न्यायालयांनीही नोंदवून ठेवले आहे. पिंडदान व श्राद्ध यांना जैन विचारात स्थान नसल्यामुळे जैनांमधील दत्तक हा परलोकाच्या सद्गतीचा उपाय कधी मानला गेला नाही. तो निखळ लौकिक व्यवहार मानला गेला. १८७८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने शिवसिंग राय विरुद्ध दाखो या खटल्यात, निपुत्रिक जैन विधवेला पतीच्या परवानगीवाचून दत्तक घेण्याचा रूढीसिद्ध अधिकार आहे, हे मान्य केले. धर्मविधीवर नव्हे तर व्यवहारावर आधारलेले दत्तक म्हणजे अर्थातच पुराव्यावर आधारलेले दत्तक.

त्या काळी पुरावा गल्लीत उभा असे. पंच बसत, जन्मदाते आईवडील मूल नव्या आईच्या ओटीत देत, साखर वाटली जाई, मुद्रांकाच्या कागदावर चार प्रतिष्ठितांच्या सह्या होत. उद्या कोणी शंका घेतलीच, तर सारी बाजारपेठ साक्षीला होती. आज दत्तक घेऊ पाहणारे दांपत्य लेस्टरला, अँटवर्पला किंवा न्यू जर्सीत राहते. तेथील अधिकाऱ्याला ना घराणे ठाऊक, ना पेढी, ना पंच. त्याच्यापुढे बोलतो तो फक्त कागद; आणि तो कागद खरा आहे, हे सांगणारा दुसरा कागद.

म्हणूनच आंतरदेशीय दत्तकाचे यश प्रेमाइतकेच दप्तरावर अवलंबून असते. दप्तर अपुरे राहिले तर नुकसान आईवडिलांच्या पैशाचे किंवा वेळेचे एवढेच होत नाही. मूल मधल्या उंबऱ्यावर अडकते. जन्मघराने दिलेले, नव्या घराने घेतलेले, आणि तरीही व्हिसा नसल्यामुळे कोणाजवळच पूर्णपणे नसलेले मूल. ही अवस्था टाळणे हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू आहे.

दोन कायदे, दोन वाटा

भारतात जैन कुटुंबाला दत्तकाच्या दोन वाटा खुल्या आहेत. पहिली वाट १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याची. हा कायदा हिंदूंबरोबर जैन, बौद्ध आणि शीख यांनाही नाव घेऊन लागू होतो. मूल प्रत्यक्ष देण्याघेण्याची क्रिया त्यात आवश्यक आहे. दत्तहोम मात्र आवश्यक नाही. मूल सामान्यतः १५ वर्षांखालील व अविवाहित असावे लागते. मुलगा दत्तक घ्यावयाचा तर दत्तक घेणाऱ्यास मुलगा, नातू अथवा पणतू हयात नसावा. मुलगी घ्यावयाची तर मुलगी किंवा मुलाची मुलगी हयात नसावी. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा घेतल्यास वयात किमान २१ वर्षांचे अंतर लागते. दत्तकपत्र नोंदणीकृत असेल तर कलम १६ नुसार ते दत्तक कायद्याप्रमाणे झाले आहे असे न्यायालय गृहीत धरते.

दुसरी वाट बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ ची. अनाथ, सोडून दिलेली किंवा आईवडिलांनी विधिवत स्वाधीन केलेली मुले आणि नात्यातील मुले यांचे दत्तक तिच्यात येते. तिचा कारभार केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजेच ‘कारा’, पाहते. २०२२ च्या दत्तक नियमनात तिची कार्यपद्धती तपशिलाने दिली आहे.

या वाटेमागे एक इतिहास आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतातून मुले परदेशी जात, ती बहुधा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्वाचा हुकूम घेऊन. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी या व्यवहारातील गैरप्रकारांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्या पत्रावरून १९८४ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दिलेल्या निकालाने आंतरदेशीय दत्तकाला प्रथमच शिस्त लागली. १९९० मध्ये कारा स्थापन झाली. १९९३ च्या हेग दत्तक कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. पाठवणाऱ्या व स्वीकारणाऱ्या, अशा दोन्ही देशांच्या मध्यवर्ती प्राधिकरणांनी एकमेकांना लेखी संमती दिल्याशिवाय मूल सीमेपार जाऊ नये, हे या कराराचे सार होय.

व्यापारी कुटुंबांची गफलत बहुधा येथेच होते. नोंदणीकृत दत्तकपत्र हाती आले की काम झाले, असा समज असतो. भारतापुरते ते खरेही आहे. परंतु परदेशी वकिलातीच्या दृष्टीने ते दत्तकपत्र म्हणजे प्रवासाचा आरंभ. १९५६ च्या कायद्याखाली दत्तक घेतलेले मूल परदेशी न्यावयाचे असल्यास काय करावे, याची तरतूद २०२१ मध्ये नियमांत झाली. त्यानुसार जिल्हा दंडाधिकारी दत्तकाची पडताळणी करतात, स्वीकारणाऱ्या देशाचे प्राधिकरण आपली संमती कळवते आणि मगच कारा ना-हरकत प्रमाणपत्र देते.

आधी तिकडचे दार

दप्तर बांधावयास घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा लागतो : हे मूल तो देश आत घेईल का? भारतीय कायद्याने निर्दोष असलेले दत्तक परदेशी कायद्याला पुरेसे असेलच असे नाही.

समजा, सांगलीच्या एका हळद-व्यापारी घरातील थोरला मुलगा व सून अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांना मूल नाही. धाकटा भाऊ आपले तिसरे अपत्य आनंदाने देऊ इच्छितो. घरात एकमत आहे, आजीचा आशीर्वाद आहे. बाल न्याय अधिनियमाच्या व्याख्येत काका-काकू, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हींकडचे आजी-आजोबा हे ‘नातलग’ ठरतात. त्यामुळे भारतीय बाजूने नात्यातील दत्तकाची वाट उघडी आहे. परंतु अमेरिकेचा स्थलांतर कायदा हेग करारातील मुलासाठी निराळी अट घालतो. जन्मदाते आईवडील दोघेही हयात असतील, तर ते मुलाचा योग्य सांभाळ करण्यास असमर्थ असले पाहिजेत. सुखवस्तू भावाचे मूल या अटीत बसणे अवघड. शिवाय हा अर्ज अमेरिकी नागरिकालाच करता येतो. केवळ ग्रीन कार्ड असणाऱ्याला नाही. ही माहिती आरंभी मिळाली तर कुटुंब निराळा विचार करू शकते. दत्तकविधी उरकल्यावर मिळाली, तर ज्या मुलाला ‘आता हे तुझे आईबाबा’ असे सांगितले गेले, त्याला त्या वाक्याचा अर्थ समजावणे कोणालाच जमत नाही.

नात्याच्या व्याख्येची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. चुलतभावाचे मूल घरोब्याने कितीही जवळचे असले, तरी अधिनियमाच्या या व्याख्येत ते बसत नाही.

म्हणून पहिले पत्र भारतातील वकिलाला नव्हे, तर राहत्या देशातील मध्यवर्ती प्राधिकरणाला किंवा कारामान्य परदेशी दत्तक संस्थेला जावे. जेथे अशी संस्था नाही, तेथे भारतीय वकिलात ते काम पाहते. अनिवासी भारतीयांना मूल मिळण्याच्या क्रमात निवासी भारतीयांच्या बरोबरीचे स्थान आहे. परंतु अर्ज त्यांनीही याच मार्गाने करावयाचा असतो.

दांपत्याचे दप्तर

पात्रतेच्या काही अटी आरंभीच तपासून घ्याव्यात. विवाहाला किमान दोन स्थिर वर्षे झालेली असावीत. मूल व पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर असावे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दांपत्याच्या वयांची बेरीज ८५ हून अधिक नसावी. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि आठ ते अठरासाठी ११० ही मर्यादा आहे. नात्यातील दत्तकाला ही वयाची मर्यादा लागू होत नाही. एकट्या पुरुषास मुलगी दत्तक घेता येत नाही.

यानंतर कागद. दोघांचे पारपत्र व जन्माचे दाखले. विवाहाचे प्रमाणपत्र. पूर्वी घटस्फोट झाला असल्यास न्यायालयाचा हुकूमनामा, जोडीदार निवर्तला असल्यास मृत्यूचा दाखला. राहत्या पत्त्याचा व उत्पन्नाचा पुरावा. दीर्घकालीन, सांसर्गिक किंवा प्राणघातक आजार नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र. पोलिसांचा दाखला. परिचितांची शिफारसपत्रे. घरात पाच वर्षांहून मोठे मूल असल्यास त्याची संमती. आणि या सर्वांचा कणा म्हणजे गृह अध्ययन अहवाल.

हा अहवाल प्रशिक्षित समाजसेवक घरी येऊन, दोघांशी एकत्र व स्वतंत्रपणे बोलून तयार करतो. घराचे क्षेत्रफळ किंवा तिजोरीचे वजन हे त्याचे विषय नव्हेत. अपत्यहीनतेचे दुःख दांपत्याने कसे पचविले, दत्तकाविषयी घरच्या वडीलधाऱ्यांचे मत काय, मुलाला त्याच्या जन्माचे सत्य केव्हा व कसे सांगणार, हे प्रश्न त्यात असतात. व्यापारी घरांत पहिल्या प्रश्नावर गप्प बसण्याची आणि शेवटच्या प्रश्नावर ‘सांगायची गरज काय?’ असे म्हणण्याची प्रवृत्ती दिसते. समाजसेवकाला यातील एकही उत्तर समाधानकारक वाटत नाही. अहवाल तीन वर्षे ग्राह्य धरला जातो.

कागदांचे आयुष्य सारखे नसते, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. जन्माचा दाखला कालबाह्य होत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र व पोलिसांचा दाखला लवकर शिळे होतात. अमेरिकेत दत्तकपूर्व मंजुरीलाही पंधरा महिन्यांची मुदत असते. जो कागद सर्वांत सहज मिळतो तोच अनेक जण प्रथम काढतात. आणि सर्वांत अवघड कागद हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असते. नाशवंत माल शेवटी भरावा, हा गोदामाचा नियम येथेही लागू आहे. जन्माचे व विवाहाचे दाखले आधी, वैद्यकीय व पोलीस दाखले शेवटी.

सहीवर सही

जुन्या सराफीत शाहजोग हुंडी असे. ती कोणाही वाहकाला मिळत नसे. बाजारात पत असलेल्या ‘शाहा’लाच तिचे पैसे मिळत. अनोळखी हातातील कागदावर विश्वास कसा ठेवावा, या प्रश्नाला सराफांनी शोधलेले ते उत्तर होते : ओळखीच्या माणसाने मध्ये उभे राहावे. आंतरराष्ट्रीय व्यवहारात हेच काम ‘अपोस्टिल’ करते.

५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार सदस्य देशाने दिलेले अपोस्टिल दुसऱ्या सदस्य देशात ग्राह्य धरले जाते. वकिलातीच्या वेगळ्या साक्षांकनाची गरज उरत नाही. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. कॅनडा मात्र ११ जानेवारी २०२४ रोजी त्यात आला. संयुक्त अरब अमिरातीसारखा देश या करारात नाही. तेथील कागदांना परराष्ट्र खाते व वकिलात अशी जुनी साखळी पार करावी लागते. सदस्य देशांतही एखाद्या देशाने दुसऱ्याच्या प्रवेशाला आक्षेप नोंदविल्यास त्या दोघांमध्ये अपोस्टिल चालत नाही. भारताच्या प्रवेशाला जर्मनीने असा आक्षेप नोंदविला होता. त्यामुळे आपल्या दोन देशांमध्ये नेमके काय चालते, ही विचारणा आधी करावी.

अपोस्टिल काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. कागदावरची सही खरी आहे, सही करणारा त्या पदावर होता आणि शिक्का त्याच कार्यालयाचा आहे, एवढेच ते सांगते. मजकूर खरा आहे, असे ते सांगत नाही. चुकीच्या जन्मतारखेच्या दाखल्यालाही रीतसर अपोस्टिल मिळू शकते. चूक तशीच राहते. फक्त तिच्यावर मोहोर बसते.

साखळी प्रत्येक देशात वेगळी असते. महाराष्ट्रातील जन्माचा किंवा विवाहाचा दाखला प्रथम राज्य शासनाच्या नेमून दिलेल्या विभागाकडून साक्षांकित होतो आणि मग परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाकडे जातो. मंत्रालय कागद थेट हातात घेत नाही. नेमलेल्या संस्थांमार्फत स्वीकारते. शासकीय शुल्क प्रत्येक दस्तऐवजास ५० रुपये असून संस्थेचे सेवाशुल्क वेगळे पडते. काही कागदांसाठी ‘ई-सनद’ ही ऑनलाइन सोयही आहे. अमेरिकेत राज्याच्या कागदावर त्या त्या राज्याचे अपोस्टिल लागते. न्यू जर्सीत ते कोषागार विभाग देतो. न्यूयॉर्कमध्ये नोटरीच्या सहीवर आधी काउंटी लिपिकाची साक्ष लागते. एफ.बी.आय.चा चारित्र्य दाखला मात्र संघराज्याचा असल्याने त्याचे अपोस्टिल वॉशिंग्टनमधील परराष्ट्र खात्याकडूनच घ्यावे लागते. हा कागद राज्याच्या कार्यालयात पाठवून आठवडे वाया घालविणे ही नेहमीची चूक आहे.

आणखी काही चुका नेहमीच्याच. दाखल्याला प्लॅस्टिकचे आवरण घातले असेल तर त्यावर शिक्का बसत नाही. नवा दाखला काढावा लागतो. अपोस्टिल जोडलेला संच छायाप्रतीसाठी पिन काढून सुटा केला, तर तो संशयास्पद ठरतो. मराठी किंवा गुजराती दाखल्याचे इंग्रजी भाषांतर घरच्या मुलाने करून चालत नाही. अधिकृत भाषांतरकाराचे भाषांतर व त्याची प्रमाणित सही लागते. आणि प्रत्येक महत्त्वाच्या दाखल्याच्या दोन-तीन मूळ प्रती आरंभीच काढल्या, तर पुढची धावपळ वाचते.

एक माणूस, चार नावे

या कामात सर्वाधिक वेळ खाणारी बाब म्हणजे नाव. एकाच गृहस्थाचे आडनाव जन्मदाखल्यावर ‘शहा’, शाळेच्या दाखल्यावर ‘शाह’, पारपत्रावर गावाचे नाव लावलेले आणि परदेशातील नोंदीत केवळ पहिले अक्षर, असे असू शकते. मारवाडी घरांत कोठे गोत्र लिहिलेले असते, तर कोठे नुसते ‘जैन’. स्त्रियांचे दप्तर याहून गुंतागुंतीचे. माहेरचे आडनाव, सासरचे आडनाव, लग्नात बदललेले पहिले नाव आणि मधले नाव वडिलांचे की पतीचे, हा वेगळाच घोळ. मुंबईच्या बाजारात हे सर्व ‘त्याच वहिनी’ म्हणून खपते. परदेशी अधिकाऱ्याच्या मते या चार निरनिराळ्या स्त्रिया असतात.

यावर उपाय आहेत, पण त्यांना वेळ लागतो. किरकोळ फरकासाठी ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र पुरते. नाव प्रत्यक्ष बदलले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी हा पक्का पुरावा. जन्मदाखल्यात बाळाचे नावच नसेल, केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ अशी नोंद असेल, तर नियमांनुसार १५ वर्षांपर्यंत नाव भरता येते. जन्माची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटले असेल, तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. विवाहाबाबतही तेच. मंगल कार्यालयात थाटाने लागलेल्या कितीतरी लग्नांची सरकारी नोंद कधी झालीच नाही. निमंत्रणपत्रिका व छायाचित्रे हे नोंदणीसाठी आधार ठरतात. नोंदणीची जागा ते घेऊ शकत नाहीत.

मुलाची बाजू

दांपत्याचे दप्तर जाड असते. मुलाचे पातळ, पण त्यातील प्रत्येक पान निर्णायक. मूल संस्थेतील असेल तर बालकल्याण समितीचे, ते कायदेशीररीत्या दत्तकासाठी मोकळे असल्याचे प्रमाणपत्र हा पहिला कागद. जन्मदात्या आईने मूल स्वाधीन केले असल्यास निर्णय बदलण्यासाठी तिला ६० दिवस मिळतात. बाहेरच्या दांपत्याला हे दिवस लांबलचक वाटतात. परंतु नऊ महिने पोटात वाढविलेले मूल देणाऱ्या स्त्रीच्या हाती कायद्याने ठेवलेले तेवढेच दिवस आहेत, हे आठवले की उतावीळपणा ओसरतो. याशिवाय बाल अध्ययन अहवाल व वैद्यकीय तपासणी अहवाल असतात. ते दांपत्याने आपल्या डॉक्टरकडून वाचून घेऊनच संमतीची सही करावी.

मूल नात्यातील असेल तर जन्मदात्यांची लेखी संमती लागते, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कौटुंबिक पार्श्वभूमीचा अहवाल लागतो, आणि मूल पाच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असेल तर त्याची स्वतःची संमतीही लागते. वडीलधाऱ्यांनी ठरविले की मुलाने मान डोलवायची, ही घरची रीत येथे चालत नाही. पाच वर्षांच्या मुलाला विचारले जाते, आणि त्याचे उत्तर नोंदले जाते.

दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, १ सप्टेंबर २०२२ पासून, हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. आदेशानंतर हेग कराराच्या कलम २३ प्रमाणे कारा अनुरूपता प्रमाणपत्र देते; हे दत्तक कराराला धरून झाले, अशी ती सर्व सदस्य देशांना दिलेली ग्वाही असते. मग दत्तक आईवडिलांच्या नावांसह जन्माचा दाखला, मुलाचे पारपत्र आणि अखेर व्हिसा. परदेशी पोहोचल्यावरही दप्तर मिटत नाही. दोन वर्षे पाठपुरावा अहवाल पाठवावे लागतात. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी.

कूटलेखक्रिया

एवढी लांबण पाहून कोणीतरी ‘सोपा मार्ग’ सुचवितोच. प्रसूतीच्या वेळीच इस्पितळाच्या नोंदीत दत्तक आईचे नाव आई म्हणून लावावे. दाखला थेट तिच्या नावाने निघेल. ना समिती, ना दंडाधिकारी. सुचविणारा कधी ओळखीचा असतो, कधी हितचिंतकही. घराची अब्रू झाकली जाते आणि मुलाला कधी कळतही नाही, असा युक्तिवाद सोबत असतो.

कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हा आहे. विहित प्रक्रियेवाचून मूल दत्तक देणे-घेणे यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८० प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलाच्या खरेदी-विक्रीला कलम ८१ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यक्तीने, इस्पितळातील कर्मचाऱ्यानेसुद्धा, ते केल्यास शिक्षा तीन ते सात वर्षांची. आणि वकिलातीने व्हिसाच्या वेळी जनुकीय चाचणी मागितली, की सारे उघड होते. तोपर्यंत मूल दोन-तीन वर्षांचे झालेले असते आणि ‘आई’ म्हणून एकाच चेहऱ्याला ओळखत असते.

जैन श्रावकाला मात्र दंडसंहितेपूर्वीच एक गोष्ट ठाऊक असावयास हवी. सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ आहे : खोटा लेख करणे, बनावट कागद तयार करणे. व्यापाऱ्याच्या वहीला उद्देशूनच जणू हा अतिचार सांगितला असावा, असे अनेक प्रवचनांतून ऐकावयास मिळते. तो मुलाच्या जन्मदाखल्यालाही तितकाच लागू आहे. वहीतील खोटी नोंद फार तर एका हिशेबाला खोटे करते. जन्मदाखल्यातील खोटी नोंद एका जिवाचा आरंभच खोटा करते आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार त्या जिवाला कधीच मिळत नाही.

खऱ्या दप्तराचा लाभ शेवटी मुलालाच होतो. दत्तक गेलेल्या मुलाला अठरा वर्षांनंतर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. जन्मदात्यांची माहिती मात्र त्यांच्या संमतीशिवाय उघड केली जात नाही. उद्या अँटवर्पमधील एखादी तरुणी आपण कोठून आलो हे विचारील, तेव्हा तिच्या हाती उत्तर पडेल की कोरे पान, हे आज बांधल्या जाणाऱ्या दप्तरावर ठरते.

पेढीची शिस्त

व्यापारी कुटुंबांना हे काम इतरांहून सोपे जावे, असा एक गुण त्यांच्या रक्तात आहे : हिशेब ठेवण्याचा. दत्तकासाठी एक स्वतंत्र वही घालावी. प्रत्येक कागदासमोर तो कोणी दिला, केव्हा दिला, त्यावरील नाव नेमके कसे लिहिले आहे, साक्षांकन कोठवर आले, मुदत केव्हा संपते आणि मूळ प्रत कोणाजवळ आहे, असे रकाने आखावेत. टपालाने जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची पावती त्याच वहीत चिकटवावी. कोणताही मूळ कागद पोचपावतीशिवाय दलालाच्या हाती देऊ नये. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. जेथे पावती देण्यास नकार मिळेल, तेथे थांबावे. १९५६ च्या कायद्याचे कलम १७ दत्तकाच्या मोबदल्यात पैसे देण्या-घेण्यास मुळातच मनाई करते.

समाजाच्या संस्थाही यात पुष्कळ करू शकतात. मंदिर व स्थानकांच्या विश्वस्त मंडळांनी विवाहाच्या सरकारी नोंदणीसाठी वर्षातून एक दिवस ठेवला, जन्मदाखल्यातील नावांच्या दुरुस्तीसाठी जाणकार वकिलाचे साहाय्य मिळवून दिले आणि परदेशस्थ बांधवांना कारामान्य मार्गाची माहिती दिली, तर कितीतरी दांपत्यांची वर्षे वाचतील. दत्तक मुलाला भोजनशाळेत, पाठशाळेत, पर्युषणाच्या पंगतीत इतर मुलांसारखेच सामावून घेणे हे तर कागदावाचूनचे काम आहे आणि ते कोणत्याही कार्यालयावर अवलंबून नाही.

ज्या जीवाचा पूर्वकर्मांचा हिशेब आपल्याला ठाऊक नाही, तो जीव एका घरात येतो तेव्हा त्याच्याबरोबर काही येत नाही. नाव, कुळ, पत्ता, हे सारे त्याला दिले जाते. जे द्यावयाचे ते खरे असावे, एवढे मात्र देणाऱ्यांच्या हाती आहे. विमानतळावरच्या खिडकीमागील अधिकारी फाईल चाळतो, शिक्के ताडून पाहतो आणि पारपत्र परत देतो. त्या चार मिनिटांत तो मुलाकडे क्वचितच पाहतो. परंतु त्याने चाळलेल्या प्रत्येक पानामागे कोणीतरी रांगेत उभे राहिलेले असते, कोणी एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी तीनदा नगरपालिकेत गेलेले असते, आणि कोणा एका आईने साठ दिवस विचार करून आपला शब्द कायम ठेवलेला असतो.